पांढरी, काळी आणि पिवळा पट्टा : जमिनीच्या व्यवहारातील नियोजनाची भाषा

मराठी मुलखातील गावाच्या जमिनीची जुनी विभागणी दोन रंगांची आहे. वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. मोल्सवर्थच्या कोशाने हे शब्द ह्या अर्थाने नोंदविले आहेत आणि खेडोपाडी ते अजून पुरते विसरले गेलेले नाहीत. पडलेल्या भिंतींची माती, चुलींची राख आणि गुरांचे शेण पिढ्यानुपिढ्या साचून वस्तीची जागा पांढुरकी होते. म्हणूनच जुन्या वसाहतीच्या शोधात निघालेला पुरातत्त्वज्ञ गावात गेला की प्रथम पांढरीची चौकशी करतो. ह्या दोन शब्दांचा विशेष असा की ते डोळ्यांनी पडताळता येतात. जमीन घेणाऱ्यास ती पांढरीतली की काळीतली हे कोणा अधिकाऱ्यास विचारावे लागत नसे. शब्द आणि वस्तू एकाच ठिकाणी उभे असत.

आज त्याच जमिनीच्या व्यवहारात तिसरा रंग निर्णायक ठरतो. तो म्हणजे पिवळा. शहरांच्या आसपास जमीन विकणारा आणि घेणारा दोघेही ‘जमीन पिवळ्या पट्ट्यात आहे का?’ हा प्रश्न मातीच्या पोतापेक्षा आणि विहिरीच्या पाण्यापेक्षा आधी विचारतात. परंतु ही पिवळी जमीन शिवारात कोठेही दिसत नाही. तो रंग नगररचना कार्यालयातील नकाशावरचा आहे; तेथे निवासी विभाग पिवळ्या रंगाने दाखविण्याचा प्रघात आहे. ह्या रंगाबरोबर जी परिभाषा आली तिचा देणाऱ्याघेणाऱ्यांवर काय परिणाम होतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय वरवर पाहता कायद्याचा आणि अर्थशास्त्राचा आहे. तथापि ह्या व्यवहारांत होणाऱ्या नुकसानीचा पुष्कळसा भाग शब्द एका दप्तरातून वाचणे आणि त्याचा अर्थ दुसऱ्या दप्तराने ठरविणे ह्या विसंगतीतून उद्भवतो, असे दिसून येईल.

पहिले दप्तर महसुलाचे. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी इंदापूर भागात ज्या पाहणीस आरंभ केला, तिच्यात जमिनीची प्रत मातीच्या खोलीवरून व रंगावरून आण्यांत ठरविली जात असे. हेतू एकच, सारा किती घ्यावयाचा. आजचा सात-बारा उतारा ह्याच परंपरेचा वारस आहे. त्यातील जिरायत, बागायत, पोटखराबा, आकार हे शब्द शेताचे आणि साऱ्याचे आहेत. भोगवटादार वर्ग १ व वर्ग २ हे शब्द धारणेचे आहेत. ‘इतर अधिकार’ ह्या रकान्यात कुळाचे, बँकेचे, विहिरीच्या हिश्श्याचे उल्लेख असतात. ही भाषा वर्णनपर आहे. जमिनीत काय पिकते, ती कोणाच्या नावे आहे आणि तिच्यावर कोणाचे देणे आहे, इतके ती सांगते. जमिनीवर उद्या काय करता येईल हे सांगणे तिच्या कक्षेतच नाही.

दुसरे दप्तर नियोजनाचे, आणि ते वयाने बरेच लहान आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने शहराच्या एखाद्या भागापुरती योजना आखण्याची सोय झाली. १९५४ च्या अधिनियमाने संपूर्ण नगराची विकास योजना तयार करणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरविले. त्याची जागा घेणारा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ हा ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आला आणि त्याने नगराबाहेरच्या प्रदेशासही नियोजनाच्या कक्षेत आणले. अशा योजनेत प्रत्येक तुकड्यास एक नाव मिळते: निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती, हरित पट्टा, ना-विकास, डोंगरमाथा-डोंगरउतार. ही नावे जिरायत-बागायतीसारखीच दिसतात, पण त्यांची जात निराळी आहे. ज्या शेतात ज्वारी डोलत आहे त्यास योजना ‘निवासी’ म्हणते आणि जेथे घरे उभी आहेत त्यास ‘शेती विभाग’ म्हणू शकते. दोन्ही ठिकाणी ती चुकत नाही, कारण ती वर्णन करीतच नाही. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ च्या व्याख्यानांत (ती १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली) ज्या उक्तींना कृती मानले, त्यांच्याच कोटीतली ही नावे आहेत. ती उच्चारणारा अधिकारी असला आणि विधी यथासांग झाला, म्हणजे नाव ठेवताक्षणीच जमिनीची योग्यता बदलते. एक ढेकूळही हललेले नसते.

ही योग्यता पैशात कशी उतरते हे एका साध्या हिशेबाने पाहता येईल. दहा गुंठे जमीन म्हणजे १०,८९० चौरस फूट. निवासी विभागात चटई क्षेत्र निर्देशांक समजुतीसाठी १ धरला, तर तेवढ्याच चौरस फुटांचे बांधकाम तेथे उभे राहू शकते. पुण्यात डोंगरउतारावर जो चार टक्के बांधकामाचा दंडक लावला गेला, त्या हिशेबाने त्याच दहा गुंठ्यांवर जेमतेम ४३५ चौरस फूट बसतात, म्हणजे दोन खोल्या. घेणारा मातीचे पैसे देत नाही, तो ह्या बांधकामाच्या हक्काचे पैसे देतो. त्यामुळे दोन शेतांच्या मधल्या बांधावरून नकाशातील रेषा गेली, तर बांधाच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाव एकमेकांस ओळखही देत नाहीत.

किंमतीवरचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो, परंतु तो तितकाच मोठा आहे. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या ६३ व्या कलमान्वये शेतकरी नसलेल्या माणसास जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. २०१६ मध्ये ह्या कलमास दुरुस्तीने काही अपवाद जोडले गेले. त्यांत नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीतील जमिनी, तसेच योजनेत निवासी, वाणिज्य, औद्योगिक अशा अकृषिक वापरासाठी दाखविलेल्या जमिनी येतात. म्हणजे योजनेतील एका शब्दाने जमीन काय होऊ शकते एवढेच ठरत नाही, तर ती कोण घेऊ शकतो हेही ठरते. हिरव्या पट्ट्यातील शेताला गिऱ्हाईक म्हणून गावातला नाही तर शेजारच्या गावातला शेतकरीच उभा राहतो. पिवळ्या पट्ट्यातील शेताला शहरातला डॉक्टर, व्यापारी, निवृत्त मास्तर, कोणीही. गिऱ्हाइकांची संख्या वाढली की विकणाऱ्याचा हात वर जातो, हे सांगावयास नको.

येथे शब्दांच्या घडणीकडे थोडे वळावयास हवे, कारण ती बोलकी आहे. महसूल खाते घराखालच्या जमिनीस ‘बिनशेती’, ‘बिगरशेती’ किंवा ‘अकृषिक’ म्हणते. तीन उपसर्ग, तीन कुळांचे: ‘बिन’ हा ‘विना’चा वंशज, ‘बिगर’ फारशी-अरबी आणि ‘अ’ शुद्ध संस्कृत. काम मात्र तिघांचेही नकाराचे. उलट नगररचना खाते पीक देणाऱ्या जमिनीस अनेकदा ‘ना-विकास’ विभागात घालते. तेथील ‘ना’ पुन्हा फारशीच. एकाच्या दृष्टीने घर म्हणजे शेतीचा अभाव, तर दुसऱ्याच्या दृष्टीने शेत म्हणजे विकासाचा अभाव. प्रत्येक खात्याने दुसऱ्याच्या राज्याचे नाव नकाराने ठेवले आहे. ज्या जमिनीतून कुटुंबाचे पोट भरते तिला ‘ना-विकास’ म्हणावे, ह्यात विकासाची कोणती कल्पना दडली आहे ह्याचा शोध समाजशास्त्रज्ञांनी घ्यावा. ‘झोन’ शब्दाची गंमत निराळी. मूळ ग्रीकमध्ये त्याचा अर्थ कमरपट्टा, आणि मराठीने कोणी न शिकविता ‘पट्टा’ हाच शब्द त्याच्यासमोर उभा केला. व्यवहारात मात्र ‘पट्टा’ मागे पडून ‘यलो झोन’, ‘ग्रीन झोन’, ‘आर झोन’ हेच रूढ झाले आहेत.

बाजाराचा सर्वांत लाडका शब्द ‘एन. ए.’ हा होय. तो नॉन-ॲग्रिकल्चरल ह्या शब्दांची आद्याक्षरे असला तरी आता स्वतंत्र विशेषण झाला आहे, ‘प्लॉट एन. ए. आहे’ म्हणजे प्लॉट चांगला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४२ व ४४ व्या कलमांखाली जिल्हाधिकाऱ्याकडून अकृषिक वापराची परवानगी घेणे हा त्याचा मूळ अर्थ. २०१४ पासून ह्या संहितेत जी नवी कलमे घातली गेली, त्यांनी विकास योजनेच्या क्षेत्रात आणि पुढे गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरांच्या आतील निवासी वापरासाठी ही स्वतंत्र परवानगी मिळविण्याची अट सैल केली. परिणामी महसुलाच्या शब्दाचे वजन आणखी घटले आणि योजनेच्या शब्दाचे वाढले. जाहिरातींनी हे चटकन ओळखले. ‘एन. ए. प्रस्तावित’, ‘आर झोनलगत’, ‘कलेक्टर एन. ए.’ अशा पाट्या महामार्गाच्या कडेने दिसतात. ‘लगत’ ह्या शब्दाने आजवर किती लोकांच्या ठेवी गिळल्या असतील ह्याची मोजदाद कोणी केलेली नाही. नकाशात लगत असणे म्हणजे आत नसणे, एवढाच त्याचा निश्चित अर्थ आहे.

‘प्रस्तावित’ हा शब्द अधिक सूक्ष्म आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ‘प्रस्तावित’, ‘नियोजित’, ‘आरक्षित’ ही सर्व भूतकालवाचक कर्मणि धातुसाधिते होत. त्यांच्या रूपावरून कृती पूर्ण झाल्याचा भास होतो, पण कर्ता अध्याहृत राहतो. ‘नियोजित रस्ता’ म्हणजे ज्याचे नियोजन झाले आहे असा, पण अद्याप नसलेला रस्ता. प्रस्ताव कोणी मांडला, नगरपालिकेने, प्राधिकरणाने, की प्लॉट विकणाऱ्याच्या आर्किटेक्टने, हे रूपावरून कळत नाही. योजना सिद्ध होण्यास अनेक पायऱ्या असतात: इरादा जाहीर होणे, प्रारूप प्रसिद्ध होणे, हरकती व सूचना, समितीपुढील सुनावणी, शासनाची मंजुरी, राजपत्रातील प्रसिद्धी. ‘प्रारूप योजनेत पिवळा’ आणि ‘मंजूर योजनेत पिवळा’ ह्या दोन वाक्यांत एका विशेषणाचा फरक आहे. व्यवहारात तो काही वर्षांचा आणि प्रसंगी साऱ्या रकमेचा असतो.

पुण्याच्या परिसरात ह्याचे उदाहरण घडले आहे. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २०२१ मध्ये आपल्या विस्तीर्ण क्षेत्राची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध केली. हरकतींचा मोठा लोंढा आला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये शासनाने ती प्रारूप योजना रद्द करण्याचा निर्णय घेतला. मधल्या चार वर्षांत ज्यांनी प्रारूपातील रंग पाहून शेतजमिनी घेतल्या, त्यांच्या हाती जुना रंग आणि नवा भाव उरला. ज्यांनी प्रारूपातील आरक्षण पाहून घाबरून जमिनी विकल्या, त्यांची स्थिती त्याहून वाईट. त्यांच्या हाती जमीनही उरली नाही. प्रारूपाचा प्रभाव दोन्ही अंगांनी सारखा पडत नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. १९६६ च्या अधिनियमातील ४६ वे कलम बांधकाम-परवानगीचा विचार करताना प्रारूप योजनेचीही योग्य ती दखल घेण्यास प्राधिकरणास सांगते. त्यामुळे प्रारूपातील प्रतिकूल शब्द, म्हणजे रस्ता, उद्यान वा शाळेचे आरक्षण, त्याच दिवसापासून परवानगीच्या आड येऊ लागतो; अनुकूल शब्दाचे फळ मात्र सामान्यतः मंजुरीपर्यंत पदरात पडत नाही. तोटा रोखीने आणि लाभ उधारीवर, अशी ही रचना आहे.

‘आरक्षण’ हा शब्दही असाच दुहेरी. शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण म्हणजे ज्याच्यासाठी जागा राखली त्याचा लाभ. योजनेत आरक्षण म्हणजे ज्याची जागा राखली त्याच्यावरचा निर्बंध. खेड्यातील वृद्ध शेतकऱ्यास ‘तुमच्या गटावर आरक्षण पडले आहे’ असे सांगितले असता त्यास प्रथम आपणास काहीतरी मिळाले असेच वाटण्याचा संभव आहे. ‘पडले’ हे क्रियापद मात्र खरे बोलते. मराठीत दरोडा पडतो, दुष्काळ पडतो आणि आरक्षणही पडते. रस्त्यात जाणारी जमीन ‘बाधित’ म्हटली जाते. न्यायशास्त्रात ‘बाधित’ म्हणजे प्रमाणाने खोडला गेलेला हेतू; लोकभाषेत बाधा भुताची होते. मालकाच्या अनुभवात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

आरक्षित जमिनीचा मालक ती विकू शकतो. कायद्याने विक्रीस बंदी नाही. पण त्या जमिनीवर त्यास आरक्षणाच्या हेतूविरुद्ध बांधता येत नाही आणि ती जमीन संपादन होण्याची कालमर्यादा सैल आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीची १९८७ ची योजना पुढची योजना २०१७ मध्ये मंजूर होईपर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, कारभार पाहत राहिली. ह्या कोंडीवर १२७ वे कलम हा उतारा आहे. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरावीक मुदतीत संपादन झाले नाही किंवा संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती. २००९ च्या सुमारास ती बारा महिने झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस महिने. आता ‘पावले उचलणे’ म्हणजे काय? नगरपालिकेने जिल्हाधिकाऱ्यास प्रस्तावाचे पत्र पाठविले, हे पाऊल झाले का? गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बहुमताने असा अर्थ लावला की नुसते पत्र पुरेसे नाही. संपादनाचे विधिवत घोषणापत्र प्रसिद्ध झाले पाहिजे. एका सामान्यनामाच्या अर्थावर अनेक मालकांच्या जमिनी सुटल्या किंवा अडकल्या, ह्याहून अर्थविचाराच्या अभ्यासकास मोठे उदाहरण शोधून सापडणार नाही.

परंतु दहा वर्षे अधिक मुदत, अधिक न्यायालय, हा काळ कोण थांबू शकतो? ज्यास मुलीचे लग्न करावयाचे आहे किंवा ज्याच्यावर सोसायटीचे कर्ज आहे तो थांबू शकत नाही. तो आरक्षित जमीन पडेल भावाने देऊन टाकतो. घेणारा बहुधा असा असतो की ज्याच्यापाशी भांडवल आहे, वकील आहे आणि योजनेचा नकाशा वाचण्याची विद्या आहे. पुढे आरक्षण सुटते, किंवा जमीन पालिकेस देऊन हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो, आणि भावातला सर्व फरक ह्या दुसऱ्याच्या पदरी पडतो. हा हक्क मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीने रूढ केला. त्याच्या योगे बांधकामाचा हक्क जमिनीपासून सोडवून कागदावर निराळा विकता येतो. पांढरी-काळीच्या जगात ज्याची कल्पनाही अशक्य होती अशी ही वस्तू आहे: भूमीवाचून भूमीचा हक्क. पुण्याच्या टेकड्यांवरील जैववैविध्य उद्यानाच्या आरक्षणाबाबत २०१५ मध्ये जमिनीच्या आठ टक्के इतका असा हक्क मोबदला म्हणून ठरविण्यात आला. टेकड्या मोकळ्या राहाव्यात ह्या हेतूविषयी वाद नाही. त्या मोकळ्या ठेवण्याचा खर्च टेकडीच्या मालकाने सोसावा की खाली राहणाऱ्या नगराने, हा वाद त्या आठ ह्या आकड्यात गोठलेला आहे.

घेणाऱ्यास फसविले गेल्याचे ध्यानात आल्यावर तो साहजिकच विकणाऱ्याकडे बोट दाखवितो. येथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ ह्याचे ५५ वे कलम पाहावयास हवे. विकणाऱ्यास ठाऊक असलेले आणि घेणाऱ्यास ठाऊक नसलेले महत्त्वाचे दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. मात्र जे दोष घेणाऱ्याने साधारण दक्षता बाळगली असता त्यास कळू शकले नसते, तेवढ्यांपुरतेच. विकास योजना ही प्रसिद्ध केलेली गोष्ट आहे. नकाशा कार्यालयात पाहता येतो, झोन दाखला आणि भाग नकाशा शुल्क भरून मिळतो. तेव्हा ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव घेणाऱ्यापाशी फारसा टिकत नाही. कायद्याने नकाशा वाचणे ही साधारण दक्षता मानली. प्रत्यक्षात ती साक्षरतेची बरीच वरची पायरी आहे.

खरेदीखताची भाषाही त्यास साह्य करीत नाही. खतात विकणारा तो ‘लिहून देणार’ आणि विकत घेणारा तो ‘लिहून घेणार’. जमिनीचे वर्णन चतुःसीमांनी होते: पूर्वेस अमक्याचा गट, दक्षिणेस ओढा. मिळकत ‘निर्वेध व बिनबोजा’ असल्याची हमी असते, आणि बोजा म्हणजे गहाण, पोटगी, जप्ती, वारसांचे हक्क अशी मोठी यादी येते. जुन्या मसुद्यांवरून उतरविलेल्या खतांत ह्या यादीत आरक्षणाचे नाव नसते, कारण तो कोणा इसमाचा हक्क नव्हे. काळजीपूर्वक लिहिलेल्या नव्या खतांत आरक्षण व संपादन हे शब्द घातलेले आढळतात, पण तेथेही पट्ट्याचा उल्लेख क्वचितच. हिरव्या पट्ट्यातील जमीन संपूर्णपणे निर्वेध आणि बिनबोजा असू शकते. लिहून देणाऱ्याने एकही असत्य लिहिलेले नसते आणि लिहून घेणाऱ्याचे घर मात्र कधीही उभे राहत नाही.

ज्यांच्या वाट्यास ही दोन दप्तरांमधली फट सर्वाधिक आली ते गुंठेवारीतले लोक. गुंठा हे निव्वळ माप. चाळीस गुंठ्यांचा एकर. त्यास ‘वारी’ जोडून हप्तेवारी, विभागवारी अशा शब्दांच्या चालीवर हा शब्द बनला. प्रथम त्याचा अर्थ गुंठ्याच्या हिशेबाने विक्री एवढाच होता. पुढे तो अशा अनधिकृत वस्त्यांचे नाव झाला आणि शेवटी कायद्याच्या मथळ्यात जाऊन बसला. गिरणीतला, बांधकामावरचा किंवा हमालीतला माणूस एक-दोन गुंठ्यांहून अधिक घेऊ शकत नाही. योजनेने रेखांकनाची, रस्त्यांची, खुल्या जागेची अट घातली होती. तुकडेबंदीच्या कायद्याने लहान तुकड्याची स्वतंत्र नोंद अडविली होती. तेव्हा त्याने साठेखतावर, कधी नुसत्या मुद्रांकावर व्यवहार केला. सात-बारावर पंधरा-वीस नावे ‘सामाईक’ म्हणून एकाखाली एक आली. घर झाले, वीज आली, मुले मोठी झाली. पण बँक कर्ज देईना आणि विकावयाचे तर पुन्हा तसेच कच्च्या कागदावर. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने १ जानेवारी २००१ पूर्वीच्या अशा विकासांना नियमाधीन करण्याची वाट काढली. २०२१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. ‘नियमाधीन’ हा समास चांगला आहे, पण वस्तीत त्याला कोणी ओळखत नाही. तेथे ‘गुंठेवारी झाली का?’ असे विचारतात. ज्या शब्दाने दोषाचे नाव सांगितले जात असे, तोच आता त्याच्या परिहाराचे नाव झाला आहे. अर्थविपर्यासाचा हा प्रकार नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

राहता राहिला झोन दाखला. तो घेणाऱ्याने मागावा असे सर्व वकील सांगतात आणि ते योग्यच आहे. परंतु तोही वाचावा लागतो. तो दिलेल्या दिनांकाची स्थिती सांगतो. पुढे योजनेत फेरबदल झाल्यास तो जुना होतो. तो मालकीचा पुरावा नव्हे आणि परवानगीही नव्हे. आणि त्यात पुष्कळदा एक शब्द येतो जो घाईत नजरेतून निसटतो: ‘अंशतः’. गट अंशतः निवासी विभागात, अंशतः शेती विभागात. नियोजनाची रेषा बांध पाहून चालत नाही. लिहून घेणारा एका गटातले वीस गुंठे घेतो. ते वीस गुंठे ह्या ‘अंशतः’च्या कोणत्या बाजूस आहेत, हे दाखल्यावरून कळत नाही. त्यासाठी भाग नकाशा मोजणीच्या नकाशावर बसवून पाहावा लागतो.

हाच शब्द घराघरांतील वाटण्यांमध्ये शिरला आहे. वडिलांच्या एक एकराचे दोन भावांत प्रत्येकी वीस गुंठे असे वाटप झालेले असते. थोरल्यास रस्त्याकडचा भाग, धाकट्यास ओढ्याकडचा. वाटणीपत्र लिहिले तेव्हा दोन्ही वीस गुंठे सारखेच होते. किंबहुना पाणी जवळ म्हणून ओढ्याकडचा भाग सरस मानला गेला होता. पुढे योजना येते, रेषा मधून जाते, रस्त्याकडचे वीस गुंठे पिवळे होतात आणि ओढ्याकडचे हिरव्या पट्ट्यात राहतात. मापाने समान असलेले वाटप मोलाने समान उरत नाही, आणि धाकट्या भावाच्या दृष्टीने जुने वाटणीपत्रच खोटे ठरते. तो मोजणीचा अर्ज करतो, कारण त्यास वाटते की बांध दोन हात सरकला तर आपलाही काही भाग पिवळ्यात येईल. लहान प्रमाणाच्या नकाशावर पेनाने ओढलेली ती रेषा जमिनीवर उतरविली असता काही हात रुंद होते. भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणीदार बांधावर उभा राहून तिची कोणती कड धरावयाची हे ठरवितो. त्या वेळी दोन्ही भाऊ त्याच्या शेजारी उभे असतात.